टायटॅनियमवरचा नायट्राइडचा थर डागाळतो, सोलतो, ओरखडतो: जॉब परत भट्टीत टाकण्याआधी काय तपासाल

टायटॅनियमचा प्लंजर, बुश, व्हॉल्व्हचा स्टेम. भोसरी-चाकण पट्ट्यात ग्रेड ५ चं (ॲल्युमिनियम-व्हॅनेडियम मिसळलेल्या टायटॅनियमचं) काम करणाऱ्या बहुतेक शॉपना हे दुखणं माहीत आहे. जॉब नायट्रायडिंग (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून कडक थर देणं) होऊन येतो, छान सोनेरी दिसतो, डिस्पॅच होतो आणि थोड्याच दिवसांत पार्टीचा फोन येतो: थर गेला. मग शॉपमधला ठरलेला तोडगा, "परत टाकून द्या भट्टीत."

माझ्याकडे येणारे पुष्कळ जॉब असे दोनदा भाजूनच येतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दोष बहुतेक वेळा भट्टीच्या आधीच्या कामात असतो, नाहीतर मोजणीत. दुसऱ्यांदा तापवल्याने तो तर जात नाहीच, वर धातूचे आतले कण मोठे होतात, जॉब वाकतो, साइज सरकते आणि फटीग ताकद (वारंवार येणारा ताण सोसण्याची ताकद) आणखी उतरते. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो आणि जॉब कापण्यापर्यंत जातो. मधली पायरी गाळू नका.

लक्षणं

तुमचा जॉब यातल्या कोणत्या प्रकारात बसतो ते आधी ठरवा. एकापेक्षा जास्त लक्षणं असतील तर वरचं आधी धरा.

- जॉबला तडा गेलाय किंवा तो काचेसारखा तुटलाय. इथे पुढचं काही करू नका, थेट "इथे थांबा" वर जा.
- थर पापुद्र्यासारखा सुटतोय, विशेषतः कडेला आणि आट्यांच्या टोकाला.
- रंग एकसारखा नाही. सोनेरीत निळे-जांभळे पट्टे, राखाडी ढग, बोटांचे ठसे.
- रंग चांगला, पण लॅबचा हार्डनेस रिपोर्ट कच्च्या मालाइतकाच.
- रंग चांगला, हार्डनेस चांगला, तरी पार्ट चालताना सीझ होतो किंवा समोरचा सील खातो.
- आटे बसत नाहीत, गेज अडकतो.

टायटॅनियमला हा त्रास मुळात का

थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या सगळ्या तपासण्या यावर उभ्या आहेत. टायटॅनियम गंजत नाही ते त्याच्या अंगच्या ऑक्साइडमुळे. पण तो थर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा. समुद्राचं पाणी त्याला हात लावू शकत नाही, मात्र दुसरा धातू दाबून घासला की तो फाटतो आणि उघडं टायटॅनियम समोरच्या भागाला चिकटतं. त्यात उष्णता वाहून नेण्यात ग्रेड ५ अगदी कच्चं, साध्या कार्बन स्टीलच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतकंच. घर्षणाची उष्णता तिथेच साठते आणि चिकटणं वाढतं.

म्हणून वर नायट्राइड हवा. पण लक्षात ठेवा, टायटॅनियमला नायट्रोजनपेक्षा ऑक्सिजन जास्त प्रिय आहे. दोन्ही समोर आले तर तो आधी ऑक्सिजन घेतो, आणि तो ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा भराभर आत शिरतो. "हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे की, मग सिलिंडरचा खर्च कशाला?" असं मला एका शेठनी अगदी मनापासून विचारलं होतं. उरलेल्यातला २१ टक्के ऑक्सिजन आधी जेवून घेतो, म्हणून.

ट्यूबलाइटखाली धरा

खर्च शून्य. जॉब ट्यूबलाइटखाली हळूहळू तिरका करा. खरा टायटॅनियम नायट्राइड कुठल्याही कोनातून तोच पितळी सोनेरी दिसतो, कारण तो त्या पदार्थाचा स्वतःचा रंग आहे. ऑक्साइडचा रंग पातळ पडद्यावर प्रकाश खेळल्याने येतो, त्यामुळे कोन बदलला की छटा सरकते. बोटाचं तेल लागलं तरी तेवढा भाग वेगळ्या रंगाचा दिसतो. आता स्पिरिटने पुसा. ठसा गेला आणि खालचा रंग पूर्ववत झाला, तर तिथे ऑक्साइड आहे असं समजायला हरकत नाही.

दुसरी खूण मल्टिमीटरची. नायट्राइड वीज वाहतो, ऑक्साइड वाहत नाही. कंटिन्युइटीवर ठेवून दोन्ही टोकं अगदी हलकी टेकवा. दाबलीत तर टोक पडदा फोडून खालच्या धातूला लागेल आणि फसाल. हा पुरावा नाही, नुसता इशारा आहे, पण दहा रुपयेही लागत नाहीत.

एवढं का करायचं? कारण निम्म्या तक्रारींत जॉबवर नायट्राइड नसतोच. परचेसच्या माणसाने ऑर्डरवर "गोल्ड फिनिश" लिहिलेलं असतं आणि वेंडरने कलर ॲनोडायझिंग (विजेने ऑक्साइडचा रंगीत थर चढवणं) करून दिलेलं असतं. हाडाच्या स्क्रूवर साइज ओळखायला तो रंग उत्तम, पण घासायच्या जागी तो पहिल्याच दिवशी जातो. यात वेंडरचा दोष काढता येत नाही.

चलनावर काय लिहिलंय ते वाचा

"नायट्रायडिंग" एवढाच शब्द असेल तर फोन उचला आणि तीन गोष्टी विचारा: तापमान किती, गॅस कोणता, किती तास. आपल्याकडे नायट्रायडिंगच्या भट्ट्या मुख्यतः स्टीलच्या गिअर आणि क्रँकशाफ्टसाठी. तिथे अमोनिया चालतो आणि तापमान साधारण ५०० ते ५७० अंश.

"अहो, तुमचा जॉब आमच्या रेग्युलर बॅचमध्येच टाकला होता, वेगळे पैसे नाही लावले," असं उत्तर आलं की समजा, घोळ झाला. त्या तापमानाला टायटॅनियममध्ये नायट्रोजन जेमतेम शिरतो. प्लाझ्मामध्ये (विजेने चेतवलेल्या गॅसमध्ये) ७०० ते ९०० आणि साध्या गॅसमध्ये त्याहून वर जावं लागतं. आणि अमोनिया फुटला की हायड्रोजन सुटतो, तो टायटॅनियम आनंदाने पितं. एएसटीएम बी ३४८ या मानकाप्रमाणे ग्रेड ५ च्या बारमध्ये हायड्रोजन ०.०१५ टक्क्याच्या वर चालत नाही. त्यापलीकडे हायड्राइडच्या सुया तयार होतात आणि पार्ट न वाकता तुटतो. अशी बॅच वापरात जाऊ देऊ नका, रंग कितीही चांगला असो.

चलनावर "पीव्हीडी" असेल तर गोष्ट वेगळी. तो व्हॅक्यूममध्ये वाफेतून वर बसवलेला दोन ते पाच मायक्रॉनचा थर आहे, आत मुरलेला नाही. समोर दिसेल तिथेच तो बसतो, त्यामुळे खोल भोकाच्या आतल्या बाजूला तो मिळाला नाही म्हणून भांडू नका.

हार्डनेस कशाने मोजली?

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. रिपोर्ट येतो "३६ एचआरसी", कच्च्या मालाचा आकडाही ३६, आणि सगळे वेंडरवर तुटून पडतात.

एचआरसी म्हणजे रॉकवेल सी; हिऱ्याचं टोक दाबून मोजतात, त्यात आकडा म्हणजे मुळात खोली. शंभरातून आकडा वजा करा, उरलेल्याला दोन मायक्रॉनने गुणा. ३६ एचआरसी म्हणजे हिरा १२८ मायक्रॉन आत गेला. तुमचा नायट्राइडचा थर दोन-तीन मायक्रॉनचा, त्याखालचा नायट्रोजन मुरलेला पट्टा फार तर काही दशक मायक्रॉनचा. हिरा सगळं ओलांडून खालच्या कच्च्या धातूत बसलाय. आकडा ३६ च येणार.

व्हिकर्सनेही (एचव्ही, यात खड्ड्याचा कर्ण मोजतात) हाच खेळ होतो. एक किलोच्या लोडला ३५० एचव्हीच्या धातूत खड्ड्याचा कर्ण सुमारे ७३ मायक्रॉन भरतो आणि खोली त्याच्या सातव्या हिश्शाइतकी, म्हणजे दहा मायक्रॉनच्या वर. २५ ग्रॅमला, १५०० एचव्हीच्या पृष्ठभागावर, खोली एक मायक्रॉनच्याही आत राहते. खड्डा थराच्या दहाव्या हिश्शापेक्षा खोल गेला की खालच्या धातूची सावली आकड्यात पडते. म्हणून लॅबला स्पष्ट लिहून द्या: मायक्रो व्हिकर्स, लोड २५ ग्रॅम आणि १०० ग्रॅम, दोन्ही. हलक्या लोडला आकडा चढला आणि जड लोडला उतरला तर थर आहे, फक्त पातळ आहे. दोन्हीकडे ३५० च्या आसपास आला तर थर नाही. आणि पृष्ठभाग पॉलिश नसेल तर २५ ग्रॅमचा खड्डा त्या खरखरीत दिसणारच नाही, मग ऑपरेटर अंदाजपंचे आकडा टाकतो. रिपोर्टवर लोड छापलेला नसेल तर तो रिपोर्ट परत पाठवा.

कच्च्या मालाचाही आकडा घ्या. १६० ते २०० एचव्ही निघाला तर तो ग्रेड ५ नाही, ग्रेड २ सारखं शुद्ध टायटॅनियम आहे. गादीवर पापड ठेवून बोट दाबलं की जे होतं तेच मऊ धातूवरच्या कडक थराचं होतं: थर स्वतः चांगला असतो, खालचा आधार खचतो. खात्री हवी असेल तर एक्सआरएफ गनने (क्ष-किरणांनी धातूतली मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र) शॉट मारून घ्या; गन भाड्याने मिळते आणि स्क्रॅपवाल्यांकडेही असते.

पाण्याची परीक्षा

धुतलेल्या, अजून भट्टीत न गेलेल्या जॉबवर स्वच्छ पाणी ओता आणि उभा धरा. पाण्याचा अखंड पडदा काही सेकंद टिकला तर जॉब स्वच्छ. पडदा फाटून थेंब झाले तर तिथे कुलंटचं तेल आहे. ठसे आणि ढग यांचं कारण पाच मिनिटांत मिळतं.

धुतल्यावर काय होतं तेही बघा. आपल्याकडे एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी. बुधवारी संध्याकाळी धुतलेला जॉब ट्रेमध्ये उघडा पडतो आणि शुक्रवारी सकाळी भट्टीत जातो. मधल्या वेळात शेजारच्या ग्राइंडरची धूळ, जुलै असेल तर दमट हवा, आणि मोजून बघणाऱ्या प्रत्येकाचा घामेजला अंगठा. धुणं आणि भरणं एकाच शिफ्टमध्ये, हातमोजे घालून. पावसाळ्यात डागांच्या तक्रारी वाढतात त्यात गूढ काही नाही.

धुवायला ट्रायक्लोरोइथिलीन किंवा क्लोरिनवालं कुठलंही सॉल्व्हंट नको, मिथेनॉलही नको. क्लोराइडचा अंश राहिला आणि जॉब ताणाखाली तापला तर टायटॅनियमला तडे जातात. घामातलं मीठही त्यातच आलं. अल्कलाइन साबण, डीएम (क्षार काढलेलं) पाणी, शेवटी ॲसिटोन, बस.

जाता जाता आणखी एक: धुतलेला जॉब ओला करून रात्रभर ठेवा. सकाळी तांबूस ठिपके दिसले तर टायटॅनियम गंजलं नाही, त्यावर लोखंड चिकटलंय. स्टीलच्या शॉटने ब्लास्टिंग, स्टीलची तारेची घासणी, किंवा आधी माइल्ड स्टील घासलेलं चाक. त्या ठिपक्यांवर थर धरत नाही.

भट्टीआधी जॉब कुठून आला

पापुद्रा सुटत असेल तर मी सगळ्यात आधी वायरकटचा संशय घेतो. ठिणगीने कापलेल्या पृष्ठभागावर वितळून परत गोठलेला ठिसूळ पापुद्रा राहतो, त्यात वायरचं तांबं-जस्तही असतं. त्याच्यावर नायट्राइड कितीही चांगला बसला तरी दोघं मिळून निघतात. सुटलेला तुकडा दहा पटीच्या भिंगाखाली उलटा करून बघा. खालची बाजू काळपट, बारीक खड्ड्यांची असेल तर थर जॉबवर नाही, वायरकटच्या कवचावर बसला होता. चकचकीत असेल तर बहुधा धुण्यात किंवा प्रक्रियेत खोट आहे. उपाय साधा: वायरकटनंतर तो पृष्ठभाग ग्राइंड करून किंवा हाताने एमरी मारून पूर्ण काढायचा, त्याची साइज आधीच ड्रॉइंगमध्ये धरायची.

बोथट चाकाने ग्राइंड केल्यावर टायटॅनियम कापलं न जाता लिंपलं जातं, तिथेही तेच. धारदार कडा असतील तर चेंफर मारा. कडेला थर दोन बाजूंनी वाढतो, ताण साठतो आणि पहिला पापुद्रा तिथूनच निघतो.

काळा किंवा राखाडी कडक थर आधीपासूनच असेल, म्हणजे फोर्जिंग किंवा हवेत केलेल्या ॲनीलिंगचा, तर तो अल्फा केस. हवेत साडेपाचशे अंशांच्या वर ऑक्सिजन मुरून हा तयार होतो. कडक असतो म्हणून काही जण तो मुद्दाम ठेवतात. ठेवू नका, तडे तिथूनच सुरू होतात.

थर चांगला, तरी सीझ होतो

मग समोरचा पार्ट काढा. एका बाजूला नायट्राइड आणि दुसऱ्या बाजूला नुसतं टायटॅनियम अशी जोडी असेल तर कडक बाजू मऊ बाजूला खरवडते, तो चुरा अडकतो आणि दोष थरावर येतो. नायट्रायडिंगनंतर पृष्ठभाग आधीपेक्षा थोडा खरखरीत होतो, त्यामुळे रबरी सील झिजतो. डायमंड पेस्टने हलकं पॉलिश करा; जोर लावलात तर थरच काढाल. समोरचा पार्ट ॲल्युमिनियमचा किंवा साध्या स्टीलचा आणि जागा ओली असेल तर गंजेल तो समोरचा पार्ट. टायटॅनियम मजेत राहील.

लोड जबर असेल तर नुसत्या पीव्हीडीने भागणार नाही. आधी नायट्रायडिंगने आधार द्या, मग वर पीव्हीडी. महाग आहे, पण दर महिन्याच्या रिजेक्शनपेक्षा स्वस्त पडतं.

आटे अडकत असतील तर थराची जाडी प्रत्येक बाजूने धरून आटे आधीच किंचित सैल कापा. नंतर डाय फिरवून मोकळे करू नका.

आता वेंडरच्या भट्टीकडे

इथपर्यंत काही सापडलं नाही तरच. आणि भांडायला नाही, बघायला जा. एक चकचकीत पॉलिश केलेला टायटॅनियमचा ट्रायल पीस गॅस आत येतो तिथे ठेवायला सांगा, एक बाहेर जातो तिथे. दोन्ही निळसर निघाले तर भट्टीत ऑक्सिजन किंवा ओलावा आहे. फक्त गॅस आत येतो तिथला बिघडला तर गॅस किंवा लाइन खराब: ९९.९९९ टक्के शुद्धतेचा सिलिंडर आहे ना, आणि मध्ये रबरी नळी आहे का? रबरातून ओलावा आत येतो. तांब्याची किंवा स्टेनलेसची नळी लावायला सांगा. व्हॅक्यूम काढून व्हॉल्व्ह बंद करा आणि दाब किती वेळात चढतो ते बघा. पटकन चढत असेल तर गळती आहे. गॅस जॉबला लागण्याआधी तापलेल्या टायटॅनियमच्या स्वच्छ चुऱ्यावरून नेला तर उरलासुरला ऑक्सिजन तो चुराच खातो.

प्लाझ्मामध्ये बारीक भोकांच्या तोंडाशी जळल्यासारखा काळा गोल दिसतो. भोकात प्लाझ्मा अडकून तिथलं तापमान बेफाम चढतं. भोकं बुजवा किंवा दोन जॉबमधलं अंतर वाढवा. फिक्चर टेकतं तिथे थर येणार नाही, ती जागा ड्रॉइंगवर आधीच ठरवून द्या.

कापून बघणं

शेवटची पायरी, कारण एक जॉब बळी जातो. आडवा कापून, माउंट करून, पॉलिश करून कडेपासून आतपर्यंत मायक्रो हार्डनेसची रांग घ्यायची. आकडा हळूहळू उतरत गेला तर नायट्रोजन मुरलाय. एकदम कोसळला तर थर नुसता वर बसलाय. एचिंगनंतर कडेला जाड पांढरा पट्टा दिसला तर ऑक्सिजनचा संशय धरा. एचिंग लॅबलाच करू द्या, त्या द्रावणात हायड्रोफ्लुओरिक ॲसिड असतं.

इथे थांबा

तडा किंवा तुटलेला पार्ट: रीवर्क नाही. त्याच हीटचे (धातूच्या एकाच वितळणीतले) आणि त्याच बॅचचे सगळे जॉब बाजूला काढा आणि मेटलर्जीच्या लॅबकडून हायड्रोजन ॲनालिसिस करून घ्या. व्हॅक्यूममध्ये तापवून हायड्रोजन काढता येतो, पण ते करायचं की जॉब भंगारात घालायचा हे मेटलर्जिस्टने ठरवावं.

शरीरात बसणारा, विमानाचा किंवा प्रेशरखालचा पार्ट: पार्टीच्या डिझायनरच्या लेखी परवानगीशिवाय एमरीसुद्धा मारू नका. नायट्रायडिंगने फटीग ताकद कमी होऊ शकते आणि किती कमी चालेल हे तुम्ही-मी ठरवायचं नाही.

थर उतरवायचा असेल तर शेडमध्ये हायड्रोफ्लुओरिक ॲसिड आणू नका. त्याचा चटका सुरुवातीला दुखतही नाही आणि हाडापर्यंत जातो. पिकलिंगची सोय आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी असलेल्या प्लेटरकडेच पाठवा. पीव्हीडी उतरवणारी रसायनं खालच्या टायटॅनियमलाही खातात, तेव्हा टूल-कोटिंगवाल्याला धातू कोणता ते आधी सांगा.

एमरी-ग्राइंडिंगच्या चुऱ्याने पेट घेतला तर पाणी नाही, सीओटू नाही. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीची पावडर टाका, लांब व्हा, अग्निशमन दलाला बोलवा. नायट्रोजन सोडून आग विझवायला जाऊ नका, टायटॅनियम नायट्रोजनमध्येही जळतं.

लॅबकडे किंवा मेटलर्जिस्टकडे जाताना एक खराब जॉब, एक चांगला जॉब, त्याच हीटचा एक कच्चा तुकडा, मालाचा टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) आणि भट्टीच्या तापमानाचा चार्ट बरोबर न्या. खराब जॉब पुसू नका, वेगळ्या कागदात गुंडाळा, आणि सुटलेले पापुद्रे छोट्या पुडीत घालून त्यावर ते जॉबच्या कोणत्या बाजूने निघाले ते लिहा.